मेहुणीचं टेंडर

बाळाशेठनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा कॉम्प्युटरवर अजून नुसतं चक्र फिरत होतं. टेंडर उघडायला वेळ होता आणि पेढे आले होते.

"शेठ, निकाल तर लागू द्या," मी म्हटलं.

"लागल्यासारखाच आहे मॅडम," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून आरामात बसले.

मी एका महानगरपालिकेत उपअभियंता होते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत महापालिका बऱ्याच आहेत, त्यातली कुठली ते विचारू नका. पेन्शन नुकती सुरू झाली आहे आणि ती चालू राहावी अशी माझी इच्छा आहे.

काम होतं पालिकेच्या एका शाळेतल्या स्वच्छतागृहांच्या दुरुस्तीचं. नवीन टाइल्स, पाइप, नळ, दारं, वर पाण्याची टाकी. काम लहान, पण अडलेलं. त्या शाळेतल्या मुली सकाळी घरून पाणी न पिता यायच्या आणि शाळा सुटेपर्यंत पीत नसत. का, ते स्वच्छतागृहाच्या दारापाशी उभं राहिलं की समजायचं. निवडणुका तोंडावर होत्या. आचारसंहिता लागली की कुठलीही नवीन वर्क ऑर्डर निघत नाही, म्हणजे हे काम पुढच्या वर्षावर. मला ते गणपतीनंतर लगेच सुरू व्हायला हवं होतं.

टेंडर म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते. पालिका कामाचा अंदाजे खर्च काढते, त्याला आम्ही एस्टिमेट म्हणतो. ठेकेदार ऑनलाइन भरतात की एस्टिमेटपेक्षा इतके टक्के जास्त घेऊ, म्हणजे 'अबव्ह', किंवा इतके टक्के कमी घेऊ, म्हणजे 'बिलो'. हा आकडा कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद असतो. ठरलेल्या वेळी आम्ही आमची डिजिटल सही लावून तो उघडतो, तोपर्यंत आम्हालाही दिसत नाही. सर्वांत कमी दरवाल्याला काम. त्याला एल-वन म्हणायचं.

कागदावर हे सगळं सोज्वळ आहे. पण पहिल्या फेरीत निदान तीन टेंडरं लागतात, आणि तिथे 'सपोर्ट' येतो. ज्याला काम हवं असतं तो स्वतःचं टेंडर भरतो, आणि शिवाय ओळखीच्या दोघांना चढ्या दराने भरायला लावतो. ते दोघे हरायलाच आलेले असतात. लग्नात मुलाकडून चार माणसं जास्त दिसावीत म्हणून शेजाऱ्यांना कोट घालून नेतात, तसंच हे. आम्हाला समजत नाही का? समजतं. पण सिद्ध कसं करणार? कोणी तरी लिहून द्यायला हवं ना, की हो, आम्ही ठरवून भरलं!

आता बाळाशेठना एवढी खात्री का होती, तेही सांगते. आमच्या गेटसमोर एक भलामोठा बॅनर लागला होता: कोकणवासीयांसाठी गणपतीला मोफत बससेवा. त्यावर भाऊंचा फोटो. भाऊ म्हणजे शाळेच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक आणि, त्यांच्या मते, होणारे नगरसेवक. आमच्याकडे अर्धी वस्ती कोकणातली, त्यामुळे गणपतीत गाड्या सोडल्या की मतं पक्की होतात असा सगळ्यांचाच समज आहे. बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात बाळाशेठ हात जोडून उभे, खाली लिहिलेलं 'सौजन्य'. गाड्यांचं भाडं कोण भरतंय, हे त्या एका शब्दात आलं. भाऊंनी उपकार घेतला होता, आणि तो फेडायला स्वस्तातली जागा म्हणजे माझं टेबल.

चक्र थांबलं. स्क्रीनवर तीन ओळी आल्या.

बाळाशेठ, साडेचार टक्के अबव्ह. दुसरी कुठली तरी फर्म, नऊ टक्के अबव्ह. तिसरी, सहा टक्के बिलो.

बाळाशेठ खुर्चीतून उठले. स्क्रीनजवळ आले. चष्मा वर केला, खाली केला.

"हे कोण?"

मी प्रोप्रायटरचं नाव वाचलं. सौ. शुभांगी अमुक अमुक, ठाकुर्ली.

"आमची मेहुणी आहे ती!" बाळाशेठ ओरडले.

इथे मला माझ्या एका आजाराबद्दल सांगायला हवं. मला नको त्या वेळी हसू येतं. लहानपणापासूनचं आहे. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत बुद्धवंदनेला सगळे डोळे मिटून बसायचे आणि मी हुं हुं करून हसायचे, आई मागून चिमटा काढायची. नोकरीत आयुक्तांच्या मीटिंगमध्ये दोनदा बाहेर जावं लागलंय. त्या दिवशी मी फाइल तोंडासमोर धरली, पण खांदे हलतच होते.

"मॅडम, हसताय काय? चूक झालीये तिची! ती अबव्ह दाबायला गेली, बिलो दाबलं गेलं. तिला दहा अबव्ह टाकायला सांगितलेलं मी..."

ते थांबले. मीही थांबले.

"कोणी सांगितलेलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. घरात असंच बोलणं झालेलं."

आणि मग त्यांनी पेढ्यांचा बॉक्स हळूच उचलला आणि काखेत मारला. मी बाहेर पळाले आणि व्हरांड्यात पोट धरून हसून घेतलं.

परत आले तर बाळाशेठ कार्यकारी अभियंत्यांच्या, म्हणजे आमच्या मेस्त्री साहेबांच्या केबिनमध्ये पोचले होते. मेस्त्री साहेब माणूस सज्जन, पण भित्रा. भाऊंचा फोन स्पीकरवर चालू होता.

"साहेब, लेडीज आहे, चूक होते," भाऊ म्हणत होते. "काही तरी टेक्निकल कारण दाखवा, टेंडर कॅन्सल करा, परत काढा. आचारसंहितेच्या आत होऊन जाईल."

"होणार नाही भाऊ," मी म्हटलं. "परत काढलं तर जाहिरात, मुदत, छाननी. आचारसंहिता आधी लागेल. मुली आणखी एक वर्ष तहानलेल्या राहतील."

"कोण बोलतंय?"

"गायकवाड."

"मॅडम, तुम्ही हसताय का?"

"नाही भाऊ, सर्दी झालीये."

फोन ठेवल्यावर मेस्त्री साहेबांनी रुमालाने मान पुसली. "गायकवाड बाई, करायचं काय? शेठ म्हणतात चूक आहे."

"साहेब, सोपं आहे. शेठनी तक्रार लेखी द्यावी. लिहावं, की मेहुणीने दहा टक्के अबव्ह भरायचं ठरलं होतं, तिने चुकून सहा टक्के बिलो भरलं. खाली सही करावी. लगेच टेंडर रद्द करू."

बाळाशेठनी खिशातून पेनसुद्धा काढलं. मग त्यांचा हात हवेतच राहिला. कुलूपबंद टेंडरात दुसऱ्याने काय भरायचं होतं, हे ज्याला माहीत असतं त्याने संगनमत केलेलं असतं. तक्रार लिहिली की स्वतःच ब्लॅकलिस्ट.

"मग ती लिहून देईल," ते म्हणाले. "चूक झाली, माघार घेते म्हणून."

"देऊ दे. पण एल-वनने माघार घेतली की तिची ईएमडी जप्त होते." ईएमडी म्हणजे टेंडरबरोबर भरायची अनामत. "आणि तिची फर्म काळ्या यादीत जाते. भरली कोणी होती ईएमडी?"

बाळाशेठनी पेन परत खिशात ठेवलं. चेहऱ्यावरून कळलं, त्यांनीच भरली होती.

दर फार कमी आला की ठेकेदाराला खुलाशाला बोलवायची आमच्याकडे पद्धत आहे. सहा टक्के काही फार नव्हते, पण मला एक गोष्ट खटकत होती. मागच्या आठवड्यात त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला होता. "तुमच्या त्या टेपवाल्या मॅडम परत कधी येणार? मुली विचारतायत." मी गडबडीत "येतील" म्हणून फोन ठेवला होता. आता लक्षात आलं, आमच्या सेक्शनला माझ्याशिवाय बाई इंजिनिअर कोणी नव्हतीच, आणि मी मापाची टेप घेऊन गेले नव्हते. हरायला आलेला सपोर्टवाला साइट बघायला कशाला जाईल?

मी तिला खुलाशाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी शुभांगी आली. तिशीतली, सलवार-कमीज, पाठीवर सॅक. तिच्या मागून एक म्हाताऱ्या बाई आल्या, हातात दोन बोचकी आणि बगलेत कापडी मखराची गुंडाळी.

"ही आई," शुभांगी म्हणाली. "हिला विठ्ठलवाडी डेपोतून एसटीत बसवायचंय, म्हणून सोबत आणली. चालेल ना?"

मी बाईंना खुर्ची दिली. समोर मेस्त्री साहेब, बाजूला बाळाशेठ. बाईंनी जावयाकडे पाहिलं आणि पदर घट्ट ओढून तोंड खिडकीकडे वळवलं.

"शुभांगीताई," मी विचारलं, "सहा टक्के बिलो. हे चुकून झालं का?"

ती "हो" म्हणाली असती तर सगळं मिटलं असतं. अनामत बुडाली असती, पण भाऊजींचा शब्द राहिला असता, पुढचं टेंडर त्यांना गेलं असतं, आणि घरात सण गोडीत झाला असता.

"नाही," ती म्हणाली. "मी शाळेत जाऊन मापं घेतली आणि रेट काढून भरलाय."

"अगं, तुला सांगितलेलं काय नि तू केलंस काय!" बाळाशेठ.

"शेठ," मी म्हटलं, "पुढे बोलू नका. मला ऐकू येतंय."

शुभांगीने सांगितलं ते असं. तिचा सिव्हिलचा डिप्लोमा. लग्नानंतर भाऊजींनीच तिच्या नावावर फर्म काढून दिली, लायसन काढलं, डिजिटल सहीचा डोंगल काढला, आणि तो स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. ती त्यांच्या ऑफिसात एस्टिमेटं करायची, आणि तिच्या नावाची टेंडरं परस्पर भरली जायची.

"माझ्या नावाने मी किती टेंडरं हरलेय मॅडम, सांगता येणार नाही. त्यातलं एकही मी स्वतः भरलेलं नव्हतं."

"मग हे कसं भरलंस?"

"गाड्यांमुळे. ऑफिसातला ऑपरेटर भाऊंच्या गाड्यांची सीटिंग करत बसलेला. फोनवर फोन. भाऊजी म्हणाले, तुझा डोंगल घे आणि घरून भर. पहिल्यांदा हातात आला माझा डोंगल."

"आणि तू माझाच गळा कापलास," बाळाशेठ कळवळून म्हणाले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. "मी काय कमी केलं गं तुमच्यासाठी?"

आता म्हाताऱ्या बाई वळल्या.

"काय केलंत ते सांगू? आख्ख्या कल्याणला गाडीत बसवलंत. आणि सासूला फोन करून सांगितलंत, आई, तुमची सीट काढली, तुम्ही एसटीने या."

"आई, भाऊंच्या ऑफिसमधून ऐन वेळी नावं आली. टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमधली. व्होटर आहेत सगळे."

"आणि आम्ही मतदानाला उन्हातान्हात रांग लावतो ती काय मजेत? आमचं मत नाय होय? गावाला गणपती आमच्या घरात बसायचा, मखर माझ्या बगलेत, आणि सीट दुसऱ्याला!"

मेस्त्री साहेब खाली बघत होते. मी फाइल वर उचलायची तयारी ठेवली.

"आईची सीट गेली म्हणून रागाने भरलं का मग?" मी शुभांगीला विचारलं. हा प्रश्न मला विचारायलाच हवा होता. रागाने भरलेला दर पुढे कामात बुडतो, आणि अर्धवट सोडलेली स्वच्छतागृहं परत माझ्याच गळ्यात.

"राग आलेलाच," ती सरळ म्हणाली. "पण रागाने टक्के निघत नाहीत मॅडम. बघा, टाइल्स भाऊजी ज्या दुकानातून घेतात तिथूनच मी घेणार. प्लंबर तोच. मिस्त्री तोच. नफा दोघांनी सारखाच धरलाय. मग फरक कसला? त्यांच्या रेटमध्ये शेवटी 'इतर' असतं, ते मीच टाइप करायचे. या वेळच्या 'इतर'मध्ये गाड्या आहेत. माझ्यात गाड्या नाहीत, म्हणून मी बिलो."

इतकी वर्षं नोकरी केली, पण ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे मला कोणी सांगितली नव्हती. बॅनरवर फोटो भाऊंचा, सौजन्य बाळाशेठचं, आणि डिझेल भरणार होतं मुलींचं स्वच्छतागृह. मला एकदम आनंदच झाला. हसू नव्हे, आनंद.

मेस्त्री साहेब मात्र पांढरे पडले होते. ते उठले, पार्टिशनच्या पलीकडे गेले आणि फोन लावला. ते हळू बोलायला गेले, पण त्यांच्या आईला कमी ऐकू येत असे, त्यामुळे दोन्हीकडचा आवाज सगळ्या सेक्शनला ऐकू आला.

"आई, उद्या त्या गाडीने जाऊ नकोस."

"का रे? भाऊंची गाडी आहे!"

"भाऊंची नाही गं ती. नंतर सांगतो. तू नको जाऊस."

"अरे, पण पहिली सीट दिलीये मला! खिडकीची! कालच फोन आला!"

शुभांगीच्या आई सावकाश म्हणाल्या, "ती आमचीच हो."

मग मात्र फाइल पुरली नाही. मी टेबलावर डोकं टेकून हसले. शुभांगी हसली. टायपिस्ट हसला. आणि शेवटी बाळाशेठ, ते बिचारे तोंड दाबून बसले होते, त्यांनाही फुटलं. मेस्त्री साहेब आत आले तेव्हा सगळा सेक्शन डोळे पुसत होता.

"साहेब, आमच्या ह्यांचं एसटीचं तिकीट आहे," शुभांगीच्या आईंना दया आली. "त्यांचे गुडघे धरलेत, ते धाकट्याबरोबर मागून येणारेत. सीट रिकामीच. तुमच्या आईंना पाठवता का माझ्याबरोबर? सोबत होईल."

साहेबांचा चेहरा उजळला.

"साहेब!" मी ओरडले. "ही पण ठेकेदाराच्याच घरची सीट!"

तर साहेबांनी शेवटी रजा टाकली आणि आईला स्वतःच्या गाडीने गावाला घेऊन गेले. ते रजेवर गेले तेव्हा चार्ज माझ्याकडे आला. त्यामुळे शहर अभियंत्यांकडे जाणारा प्रस्ताव माझ्या सहीने गेला. साहेब रजेवर आईसाठी गेले की सहीच्या भीतीने, ते मी कधी विचारलं नाही. बाकी गणपतीत लोक विघ्नहर्त्याला नवस बोलतात, माझं विघ्न आपणहून गावाला गेलं.

प्रस्तावात मी काही लपवलं नाही. लिहिलं, की पहिला आणि तिसरा निविदाकार एका नात्यातले आहेत, यांची याआधीची टेंडरंही तपासावीत. शहर अभियंत्यांनी वाचलं आणि मला बोलावलं.

"मेहुणी?"

"हो सर."

"संगनमत दिसतं यात. दोघांनाही बाद करता येईल."

"येईल सर. मग उरतो नऊ टक्के अबव्ह, आणि एकच. म्हणजे फेरनिविदा, आणि मध्ये आचारसंहिता. पण संगनमत केलं असतं, तर दर इतका खाली आला असता का?"

त्यांनी पेन दोनदा टेबलावर आपटलं. "तक्रार आहे कुणाची?"

"लेखी कुणाचीच नाही."

"ठीक आहे. कमी दर मान्य. पण ती काम करेल का नक्की? पळून गेली तर तुमच्याकडून वसूल करीन."

"करा सर," मी म्हटलं. पण खोटं कशाला सांगू? शुभांगीला मी एकदाच पाहिलं होतं.

ती पळाली नाही. वर्क ऑर्डर आचारसंहितेच्या आत निघाली. दिवाळीच्या सुट्टीत तिने काम उरकलं. मी रोज जायचे, खरं तर रोज जायची गरज नव्हती. प्लंबर खरंच बाळाशेठचाच होता, आणि अधूनमधून बाळाशेठही "इकडून जात होतो" म्हणत डोकावायचे. एकदा तर त्यांनी फरशीचा उतार चुकलाय म्हणून मिस्त्रीला झापलं. शुभांगी म्हणाली, "भाऊजी, सुपरव्हिजनचे पैसे मिळणार नाहीत." ते म्हणाले, "माहितीये गं." शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मला फोन केला. म्हणाल्या, नळाला गर्दी आहे, मुली बाटल्या भरतायत, तास सुरू करता येत नाहीये.

निवडणुकीचा धुरळा खाली बसल्यावर उद्घाटन झालं. स्वच्छतागृहाचंही उद्घाटन होतं, हो. रिबन होती, नारळ होता, आणि भाऊंचा बॅनर होता, 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'. शुभांगीचं नाव कुठेच नव्हतं. नारळ फोडून झाल्यावर भाऊ तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आता तुम्ही पण आपल्या झालात. पुढल्या गणपतीला एखादी गाडी तुमच्याकडून होऊ दे. बॅनरवर फोटो टाकू मोठा."

शुभांगीने अगदी नम्रपणे हात जोडले.

"भाऊ, रेटमध्ये धरलेली नाही."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सर्दी झालीये, आणि नवीन स्वच्छतागृहात जाऊन मनसोक्त हसले. आत नळ चालू होता.

तेव्हापासून त्या वॉर्डात टेंडर निघालं की शुभांगी भरते, तिचं बघून आणखी दोघे-तिघे खरेखुरे भरू लागले, आणि दर बिलोच येतात. आधीच्या टेंडरांच्या चौकशीचं मात्र काय झालं, ते मी निवृत्त होईपर्यंत मला कळलं नाही. बाळाशेठ अजूनही गाड्या सोडतात. सासूबाईंची पहिली सीट, खिडकीची, आता दरवर्षी कायम असते. त्या मात्र एसटीने जातात. सीट रिकामीच गावापर्यंत जाते म्हणे, कोणाला बसवायची बाळाशेठची हिंमत होत नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीतून ठेकेदार मंडळींना माझा एकच फुकटचा सल्ला आहे. स्पर्धक घरातलेच उभे करायचे असतील, तर आधी सासूची सीट कन्फर्म करा, आणि मग टेंडर भरा.